एक वाटाणा शिल्लक

शनिवार माझ्या वाट्याला येतो,
तोही डिसेंबरातला, म्हणजे जेमतेम सात तासांचा.
नऊला उजाडतं रीगात, पावणेचारला दिवे.

रूदिसच्या अंगावर दोन स्वेटर
आणि वरून बहिणीचा जुना, जांभळा, नावडता कोट.
आन्त्से नऊ वर्षांची. तिने यादी केली आहे
वहीच्या पाठच्या पानावर, माझ्यासाठी:
तळं, टेकडी, ओंडका, वाटाणे.
आणि खाली, खोडून पुन्हा लिहिलेलं, वेळेवर परत.

अकरा नंबरची ट्राम, शेवटचा थांबा.
मांडीवर शेजारच्या झेल्माबाईंची लाकडी घसरगाडी,
तिच्या तळपट्ट्यांना रात्री मेणबत्ती घासलेली.

तळं मात्र अजून कच्चं.
काठावर एक म्हातारा गिरमिट टेकून उभा होता,
मासे आत, हा बाहेर.
"अजून चार बोटं हवीत," म्हणाला, आणि खरोखरच
हातमोजा काढून चार बोटं दाखवली.

रूदिसने खडा फेकला.
बर्फावरून तो घरंगळत गेला तेव्हा जो आवाज झाला
तो मला नीट सांगता येत नाही,
काचेच्या पोटातून पाखरू बोलावं
आणि बोलत बोलत लांब जावं, तसा काहीसा.
पुढचा पाऊण तास आम्ही फक्त खडे फेकले.
यादीत हे नव्हतं.
आन्त्सेने ते लिहून घेतलं, आणि लगेच त्यावर बरोबरची खूण केली.

टेकडीवर अर्ध्या शहराची पोरं.
एका पाइनच्या बुंध्याला कुणा बापाने
जुनी गादी बांधून ठेवली होती.
मी पुढे, मध्ये रूदिस, मागून आन्त्सेचे हुकूम:
डावीकडे, बाबा, डावीकडे!
चाळिशीत डावं इतक्या पटकन सापडत नाही.
कॉलरमधून पाठीवर उतरणारा बर्फ
आणि अंगावर दोघांचं खिदळणारं ओझं.
मी उठायची घाई केली नाही.

मग अंधार, मग ओंडका.
जुन्या शहरात दोरखंडाला पन्नास-साठ हात.
वर्षभराची इडापिडा काठीने ठोकून त्याला सांगायची,
दगडी गल्ल्यांतून त्याला फरफटवायचं, आणि चौकात जाळायचं.
एका बाईने त्याला गॅसचं बिल वाचून दाखवलं.
आन्त्से ठणकावून म्हणाली, "भागाकार!"
रूदिस सालीला ओठ लावून बराच वेळ बोलला.
मी कान दिला, पण ढोल वाजत होते.
माझी पाळी आली तेव्हा सांगण्यासारखं इतकं होतं
की मी नुसतीच काठी ठोकली.

आणि शेकोटीपाशी राखी वाटाणे,
वर खरपूस चरबीचे तुकडे.
इथला नियम असा की वाडग्यात एक दाणा ठेवायचा नाही,
जितके उरतील तितके येत्या वर्षीचे अश्रू.
आन्त्सेने वाडगा उलटा करून दाखवला.
रूदिसने मोजून खाल्ले, सत्तेचाळीस,
मध्ये दोनदा आकडा चुकून.

ट्राममध्ये त्याचा हातमोजा काढायला गेलो
तर मूठ सोडेना.
आत एक वाटाणा.
"हा का राहिला?"
"ठेवलाय."
मग खिडकीवर बोटाने रेघ ओढत,
तिकिटाबद्दल बोलावं इतक्या सहज:
"रडायला लागलंच, तर?"

आन्त्सेने आधी त्याच्याकडे डोळे वटारले,
मग माझ्याकडे पाहिलं, आणि वही मिटली.

सहा मिनिटं उशीर.
दारात सानिताने दोघांच्या अंगावरचा बर्फ झटकला,
सवयीने माझ्या खांद्यावरचाही थोडा,
आणि मग हात स्वतःच्या खिशात घातला.

रिकामी घसरगाडी ओढत मी पुलापर्यंत चालत आलो.
आजूबाजूला कुणी नाही असं पाहून
एक खडा उचलला, दौगावात भिरकावला,
आणि कान टवकारून थांबलो.
नदी अजून वाहती होती.
डुबुक.